माफ केलेले कर्ज कुठे जाते?

दरवर्षी गुड फ्रायडेला माझ्या फोनवर 'हॅपी गुड फ्रायडे' असे दोन-चार संदेश हमखास येतात. सोबत गुलाबाची फुले, कधी उगवता सूर्य. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या घरी माती झाली त्या घरी जाऊन अभिनंदन करण्यासारखा हा प्रकार आहे! येशू ख्रिस्ताला खिळे ठोकून मारले तो हा दिवस. ख्रिस्ती माणसे त्या दिवशी उपास करतात, दुपारी चर्चमध्ये बसून येशूने मरताना काढलेल्या सात उद्गारांवरची प्रवचने ऐकतात. तरीही या दिवसाला ते 'उत्तम शुक्रवार' म्हणतात. मरणाचा दिवस उत्तम कसा, हे कोडे मला फार वर्षे होते.

माझ्या पुतण्याने (तो हे वाचणारच आहे) मागे हाच प्रश्न जरा रोखठोक विचारला. म्हणाला, "काका, देवाला माफच करायचे होते तर सरळ करून टाकायचे. त्यासाठी स्वतःच्या मुलाला कशाला मारू द्यायचे?" प्रश्न उद्धट वाटतो, पण तसा तो नाही. ख्रिस्ती धर्मातले मोठमोठे विद्वान दोन हजार वर्षे याच प्रश्नाशी झुंजत आले आहेत. तेव्हा पुतण्याला तोंडी दिलेले तुटक उत्तर आज जरा नीट लिहून काढतो.

आधीच सांगतो, मी ख्रिस्ती नाही आणि होण्याचा विचारही नाही. घरी गणपती बसतो, गुरुचरित्राचा सप्ताह होतो. पण आमच्या वाशीमला 'मिशनचा दवाखाना' माहीत नाही असा जुना माणूस सापडायचा नाही. डॉ. ऑर्फा स्पायकर नावाच्या अमेरिकन बाई १९३६ मध्ये भारतात आल्या आणि शाळेच्या एका जुन्या इमारतीत त्यांनी हे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे केले. जवळजवळ चाळीस वर्षे त्या इथे होत्या. आमच्या पंचक्रोशीतली कितीतरी बाळंतपणे तिथे झाली. औषध सगळ्यांनी घेतले, पण ही बाई साता समुद्रापलीकडून इथे का आली असेल, हे विचारणारा क्वचितच कुणी भेटला. फार तर 'धर्म वाढवायला' असे म्हणून विषय मिटवला जायचा. तेही एक कारण असेल. पण ज्या धर्मासाठी आली त्याच्या मुळाशी काय आहे, हे शेजाऱ्याने समजून घ्यायला काय हरकत आहे?

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. येशूला का मारले, हा एक प्रश्न. त्याचे मरणे आवश्यक का होते, हा दुसरा. पहिला इतिहासाचा आहे, दुसरा श्रद्धेचा. वर्गात मी कारण आणि प्रयोजन यांतला फरक शिकवायचो, तसाच हा फरक.

इतिहासाचे उत्तर सरळ आहे. इसवी सन ३० च्या सुमारास, यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या गर्दीत, रोमन सुभेदार पिलाताने येशूला क्रूसाची शिक्षा दिली. ही शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना द्यायचे. नुसते मारणे हा तिचा हेतू नव्हता, चारचौघांत विटंबना करून मारणे हा होता. येशूवर आरोप होता राजा म्हणवून घेतल्याचा, म्हणजे राजद्रोहाचा. टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही पिलाताच्या काळात ख्रिस्ताला देहदंड झाल्याची नोंद केली आहे. मराठी बायबलने क्रूसासाठी 'वधस्तंभ' हा शब्द घेतला आहे. मला तो 'क्रूस'पेक्षा बरा वाटतो. क्रूस म्हटले की गळ्यातला सोन्याचा दागिना डोळ्यांपुढे येतो, वधस्तंभ म्हटले की फाशीचा खांब दिसतो.

(इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. 'यहुद्यांनी ख्रिस्ताला मारले' असे म्हणून युरोपात ख्रिस्त्यांनी शेकडो वर्षे यहुद्यांना छळले. हा दोष सगळ्या यहुदी समाजावर ठेवता येणार नाही, असे कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली जाहीर केले. क्षमेच्या गोष्टीतूनच सूड काढला गेला, हे विसरू नये.)

आता दुसरा प्रश्न. येशूचे शिष्य यहुदी होते. आपला गुरू असा विटंबना होऊन मेला, याचा अर्थ त्यांना लावायचा होता, आणि तो त्यांनी आपल्याच परंपरेतून लावला. त्यांच्या मंदिरात पशुबळी होता. वल्हांडणाला कोकरू कापायचे. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकड आणायचे. एक देवापुढे कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या लोकांची पापे त्याच्यावर घालायची आणि त्याला रानात सोडून द्यायचे.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. आपल्या जत्रांतला नवसाचा बोकड आपण पाहिला आहे. गावात रोगराई आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायची रीत आपल्याकडे होती. गावाचे संकट कशावर तरी घालून ते शिवेपार करायचे, ही कल्पना तीच. ख्रिस्ती म्हणतात, येशू हा असाच शेवटचा बळी. यापुढे बोकड नको, कोकरू नको. पण फरक कुठे आहे पाहा. आपल्या जत्रेत माणूस देवाला बळी देतो. इथे देवच माणसासाठी बळी जातो. नेहमीचा सगळा व्यवहार उलटा झाला.

म्हणूनच त्यांच्या धर्मात या मरणाला इतके महत्त्व. इस्लाममध्येही ईसा मोठे पैगंबर आहेत, पण ते वधस्तंभावर मेले हे तिथे मान्य नाही, आणि त्यावाचून तो धर्म अडत नाही. ख्रिस्ती धर्मातून मात्र हे मरण काढले तर फक्त चांगला उपदेश उरतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. कारंजा आपल्याच जिल्ह्यातले. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. त्यांचे चरित्र म्हणजे गुरुचरित्र, आणि त्याच्या सुरुवातीलाच वेदधर्म आणि त्यांचा शिष्य दीपक यांची कथा आहे. ज्यांनी पारायण केले आहे त्यांना ती ठाऊक असेल. वेदधर्म मोठे तपस्वी. ते शिष्यांना म्हणतात की माझे बरेचसे पाप तपाने जळाले, पण थोडे उरले आहे, ते काशीला जाऊन एकवीस वर्षे कुष्ठरोगी, आंधळा, पांगळा होऊन भोगायचे आहे. माझी सेवा कोण करील? दीपक पुढे होतो. म्हणतो की गुरुजी, तो रोग मीच घेतो, तुमच्याऐवजी मी भोगतो. गुरू ठाम नकार देतात. ज्याचे पाप त्यानेच भोगायचे, ते मुलाला किंवा शिष्याला देता येत नाही. पुढे काशीला खुद्द विश्वनाथ दीपकाला वर द्यायला येतात. तो गुरूंना विचारतो की तुमचा रोग जावा असा वर मागू का? गुरू रागावतात. भोगल्यावाचून पाप सरत नाही, आत्ता टाळले तर पुढच्या जन्मी भोगावे लागेल. दीपक वर नाकारतो आणि जखमा धूत बसतो.

आपला कर्मसिद्धांत इतक्या स्पष्ट आणि इतक्या कठोरपणे मी दुसरीकडे वाचला नाही. देवसुद्धा दारात आला तरी हिशोब पुसता येत नाही. आणि ख्रिस्ती धर्म नेमके इथेच उलटे बोलतो. गुरूच शिष्याचा रोग अंगावर घेतो, आणि घेता येतो असे म्हणतो. माझ्या मते दोन धर्मांतला खरा फरक देव एक की अनेक, मूर्ती की निराकार हा नाही. दुसऱ्याचे पाप घेता येते की नाही, हा आहे.

या फरकामुळे भाषेतही घोटाळा होतो. 'प्रायश्चित्त' हा शब्द मराठी ख्रिस्ती आणि आपण दोघेही वापरतो. आपल्याकडे प्रायश्चित्त पापी माणूस स्वतः घेतो. त्यांच्याकडे ते येशूने दुसऱ्यांसाठी केलेले असते. येशूने आपला जीव पुष्कळांसाठी 'खंडणी' म्हणून दिला, असाही शब्द मराठी बायबलात आहे. आज खंडणी म्हटले की गुंड आठवतात. जुना अर्थ म्हणजे बंदिवान सोडवण्यासाठी मोजलेले मोल. तो अर्थ मनात धरला तरच वाक्य कळते.

पण हे मोल दिले कुणाला? इथे ख्रिस्ती विद्वानांतही एकमत नाही, आणि सगळ्या ख्रिस्ती पंथांनी मिळून एकच उत्तर कधी ठरवले नाही. चौथ्या शतकातले निसाचे ग्रेगरी म्हणत की मोल सैतानाला दिले. माणूस त्याच्या कैदेत होता. येशूचा देह हे आमिष आणि आत लपलेले देवपण हा गळ. सैतानाने आमिष गिळले आणि तोच अडकला. पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी याच विषयावर पुस्तक लिहिले. त्याचे नावच 'देव माणूस का झाला' अशा अर्थाचे आहे. ते म्हणाले, सैतानाला देवाने काय म्हणून द्यावे? माणसाने देवाचा मान मोडला. तो भरून देणे माणसाचे कर्तव्य, पण ऐपत फक्त देवाची. म्हणून जो देवही आहे आणि माणूसही आहे अशानेच तो भरून द्यावा. सरंजामशाहीच्या काळातला हा विचार आहे, हे वाचताना लगेच कळते. सोळाव्या शतकात कॅल्विन आले. ते कायदा शिकलेले. त्यांनी त्याला कोर्टाचे रूप दिले. शिक्षा व्हायलाच हवी, ती निर्दोष माणसाने स्वतःवर घेतली.

या सगळ्यांहून वेगळे बोलले ते बाराव्या शतकातले आबेलार. त्यांचे म्हणणे साधारण असे की देवाला काही वसूल करायचेच नव्हते. देव आपल्यावर किती टोकाचे प्रेम करतो हे पाहून माणसाचे मन पालटावे, यासाठी ते मरण होते.

आपल्या लोकांचा आक्षेप मात्र या सगळ्यांवरच आहे, आणि तो सर्वांत चांगला गांधीजींनी मांडला. १८९३ मध्ये प्रिटोरियात एका ख्रिस्ती गृहस्थाने त्यांना सांगितले की आपण कितीही धडपडलो तरी पाप होणारच, म्हणून येशूवर भार टाकून मोकळे व्हावे. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलेल्या उत्तराचा आशय असा की मला पापाच्या परिणामातून सुटका नको, पापातूनच सुटका हवी आहे. येशूला त्यांनी हुतात्मा मानले, त्याग मानला, पण त्या मरणात काही गूढ सामर्थ्य होते हे त्यांच्या मनाला पटले नाही. हा आक्षेप मलाही वजनदार वाटतो. दुसऱ्याने फी भरली म्हणून मी अभ्यास सोडायचा का?

मग आपल्यातले जे लोक तिकडे गेले, त्यांना हे कसे पटले? हे मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण ती माणसे आपल्यासारखाच कर्मसिद्धांत घेऊन वाढली होती.

मराठीत ही कथा सविस्तर सांगणारे पहिले फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडचे हे पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले, आणि त्यांचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातच रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्यात दोन पुराणे आहेत. येशूचा जन्म येतो तो दुसऱ्या पुराणात. त्याआधीचे अख्खे पुराण सृष्टीची उत्पत्ती, पहिल्या माणसाचे पतन आणि तारणाऱ्याची वाट पाहणे यात जाते. मास्तर म्हणून मला ही मांडणी पटते. रोग काय आहे हे सांगितल्याशिवाय औषध कडू का, हे सांगून उपयोग नाही. पण तोच काळ देवळे पाडण्याचा होता. साष्टीतल्या कुंकळ्ळीत १५८३ मध्ये गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्री मारले, आणि नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला बोलावून ठार केले. मारणाऱ्यांना माफ करा म्हणणाऱ्या येशूच्या नावाने आलेल्या सत्तेने हे केले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मार्ग वेगळा. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांना पकडले ते रक्ताच्या सिद्धांताने नाही, तर डोंगरावरच्या प्रवचनाने. शत्रूवर प्रेम करा, हे सांगणारा कोण, म्हणून ते पुढे वाचत गेले, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी सुरू केलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागे बहुतांशी पूर्ण केले.

पण या विषयावर सर्वांत खोल अनुभव पंडिता रमाबाईंचा आहे. आईवडिलांबरोबर त्यांनी देशभर तीर्थयात्रा केल्या, व्रते केली, उपास केले, आणि दुष्काळात आईवडील उपासमारीने गेलेले पाहिले. पुण्य गाठीला बांधायला जितके करता येते तितके त्या कुटुंबाने केले होते. पुढे शास्त्रे वाचताना त्यांना दिसले की स्त्रीला स्त्री म्हणून मोक्षाची वाट जवळजवळ बंदच आहे. इंग्लंडमध्ये गेल्यावर लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी बहिणीसारखे वागवत होत्या. हे का करता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्या भगिनीने येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची गोष्ट सांगितली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. बाप्तिस्म्यानंतरही त्यांच्या शंका संपल्या नव्हत्या. आपल्या धर्मगुरूंशी आणि शिक्षिकांशी पत्रांतून त्या वाद घालत राहिल्या. सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपण धर्म स्वीकारला, पण ज्याच्यासाठी स्वीकारला तो अजून हाती आला नाही. तारण मिळवायचे नसते, ते आधीच कुणीतरी मोल मोजून दिलेले असते, ते फक्त घ्यायचे असते. १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात त्यांनी हे सांगितले आहे. ज्या बाईने लहानपणापासून पुण्य कमावता कमावता सगळे घर गमावले, तिला 'आता कमावायचे काही उरले नाही' हे वाक्य कसे लागले असेल, हे आपण समजू शकतो. गांधीजींना जे फुकटचे वाटले, तेच रमाबाईंना श्वास घेण्यासारखे वाटले. दोघेही प्रामाणिक होते. आणि रमाबाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत, हेही पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली उचलून आणल्या आणि केडगावला आश्रम उभा केला. त्याचे नाव मुक्ती.

आता माझे मत.

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या मराठी पाठात, 'पाप' हा शब्द नाही, 'ऋण' आहे. आमची ऋणे सोड, अशी विनंती आहे. येशूच्या अरामी भाषेत पाप आणि कर्ज यांना एकच शब्द होता. आमच्या वाशीम जिल्ह्यात कर्ज म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले त्यांत आमचा जिल्हा होता. पुढे २००८ ची केंद्राची कर्जमाफी झाली, मग २०१७ ची आणि २०१९ ची राज्याची. प्रत्येक वेळी पारावर चर्चा व्हायची, कुणाचे माफ झाले, कुणाचे राहिले. २००८ ला तर दोन हेक्टरची अट होती. आमच्याकडे जमीन कोरडवाहू, पण एकरांनी जास्त, म्हणून कितीतरी जणांची पूर्ण माफी हुकली.

पण माफ झालेले कर्ज जाते कुठे? ते हवेत विरत नाही. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो, तेव्हा तेवढी रक्कम कुणीतरी भरतेच. बँकेने नाही सोसली तर सरकारी तिजोरी सोसते. माफी म्हणजे कर्ज नाहीसे होणे नाही. माफी म्हणजे ते देणाऱ्याने सोसणे.

हे पैशापुरते नाही. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेत एका मुलाने वर्गाची गोळा केलेली परीक्षा फी परस्पर खर्च करून टाकली. मुख्याध्यापकांनी पोलीस बोलावले नाहीत, बापालाही सांगितले नाही. सगळे म्हणाले, 'सरांनी माफ केले.' पण फी तर बोर्डाला भरायचीच होती. ती सरांनी स्वतःच्या पगारातून भरली. त्या महिन्यात त्यांच्या घरी काय झाले असेल ते त्यांचे त्यांना माहीत. मुलाला हे कळले ते शिपायाकडून, बऱ्याच दिवसांनी. तोवर तो 'सुटलो बुवा' म्हणून मजेत होता. कळल्यावर मात्र तो सरांसमोरून मान खाली घालून जाऊ लागला, आणि पुढे खरोखर सुधारला. माफी मिळाल्यावर तो सुधारला नव्हता. माफीची किंमत कुणी दिली हे कळल्यावर सुधारला. सरांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

म्हणून 'सरळ माफ करायचे होते' या पुतण्याच्या म्हणण्याला माझे उत्तर असे की सरळ माफी म्हणून काही नसते. नुकसान झाले असेल तर ते कुठेतरी बसणारच. ज्याने केले त्याच्यावर बसले तर शिक्षा, ज्याचे झाले त्याने सोसले तर क्षमा. ख्रिस्ती धर्माचे म्हणणे इतकेच आहे की देवाने क्षमा केली, म्हणून देवालाच सोसावे लागले. 'बापाने मुलाला मारू दिले' असे म्हटले की ते क्रूर वाटते. पण येशू आणि देव एकच, असे ते मानतात, हे विसरून चालणार नाही. सरांनी दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या पगारातून फी भरली नव्हती. स्वतःच्या भरली.

आणि हे सोसणे सोपे नव्हते, असे त्यांचेच ग्रंथ सांगतात. पकडले जाण्याच्या थोडेच आधी, त्याच रात्री येशू घाबरला होता, शक्य असेल तर हा प्याला टळू दे अशी प्रार्थना करत होता. मरताना देवाने मला का टाकले, असा टाहो त्याने फोडला. एखाद्या धर्माने आपल्या देवाची अशी अगतिक अवस्था लपवून न ठेवता त्याच्या चरित्रांत तपशिलाने लिहावी, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

तरी एक आक्षेप माझ्या मनातून जात नाही. माझ्यावर ज्याने अन्याय केला त्याला देवाने परस्पर माफ करावे का? देवाने आपले सोसले, पण माझ्या जखमेचे काय? सरांनी फी भरली, पण त्या मुलाने दुसऱ्या पोराला मारले असते तर सरांना त्याच्या वतीने माफ करता आले असते का? येशूने भाऊ रुसला असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन समेट कर, मग देवाला अर्पण दे, असे सांगितले आहे. ते उत्तराच्या जवळ जाते, पण पुरते नाही.

आणखी एक भीती आहे. सोसणे पवित्र आहे, असे म्हटले की ज्याला सोसावे लागते त्यालाच ते ऐकवले जाते. ज्या बाईचा नवरा कर्जापायी गेला, तिला 'देवानेही सोसले' असे सांगणे बरोबर नाही. पण मग आपणही तिला 'भोग आहेत बाई, नशिबाचे' असे म्हणतो, तेही बरोबर नाही. येशूने दुसऱ्याचे ओझे स्वतः घेतले. दुसऱ्याला 'तू घे' असे तो म्हणाला नाही. या गोष्टीचा उपदेश करायचा असेल तर तो स्वतःलाच करावा.

मी शेवटी दीपकाकडेच परत येतो, कारण माझे घर तेच आहे. गुरूंनी त्याला सांगितले की माझे पाप तुला घेता येणार नाही. त्याने वाद घातला नाही, पण तो निघूनही गेला नाही. एकवीस वर्षे तो जखमा धूत राहिला. हिशोब ज्याचा त्याचा, पण सेवा कुणालाही करता येते, एवढी फट कर्मसिद्धांताने ठेवली आहे. आपल्या विदर्भात त्या फटीतून बरेच काही झाले. दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवन उभे केले. अचलपूरजवळ कोठाऱ्याला ख्रिस्ती मिशनने कुष्ठरोग्यांचे रुग्णालय चालवले. एकाने गीता वाचली असेल, दुसऱ्याने बायबल. रोग्याची जखम दोघांनी सारखीच धुतली.

तेव्हा पुढच्या उत्तम शुक्रवारी फुलांचे चित्र पाठवू नका. ओळखीचा कुणी ख्रिस्ती असेल तर त्याला एवढेच विचारा की आज तुमच्याकडे काय सांगितले जाते. तो आनंदाने सांगेल. आणि जमलेच तर, आपले कुणीतरी गुपचूप फेडलेले एखादे कर्ज आठवून पाहा. मला तरी दोन-तीन आठवली. त्यांतले एकही मी फेडू शकणार नाही, कारण फेडून घ्यायला ती माणसे आता नाहीत.